ट्रॅकवाले

"वळ, ट्रॅकवाल्या, वळ. कंबर वळव, मान नको."

कोच हेसकॉक कडेवरून ओरडत होता, पण रोझेल वळला तोवर सगळं आटोपलं होतं. समोरचा गडी आत घुसायची हूल देऊन बाहेरच्या बाजूने सुटला होता आणि चेंडू रोझेलच्या डोक्यावरून जाऊन अलगद त्याच्या हातात पडला होता. मग मात्र रोझेल धावला. पंधरा-वीस ढांगांत त्याने त्या गड्याला गाठलं, पण तोवर तो शेवटची रेषा ओलांडून, चेंडू काखेत मारून निवांत उभा होता.

"गाठलंस, छान," हेसकॉक म्हणाला. "आता त्याची सही पण घे."

रांगेतली पोरं हसली. रोझेल रांगेच्या शेवटी येऊन माझ्या मागे उभा राहिला आणि हेल्मेटच्या जाळीतून पुटपुटला, "एम, या माणसाला मी एक दिवस मारणार आहे."

"आधी माझा नंबर होऊ दे," मी म्हणालो.

माझा नंबर आला, आणि मीही तसाच फसलो.

आम्हाला तिथे नावं नव्हती. मी एमरी स्टॅम्प्स, तो रोझेल टिब्स. पण फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हाताने फेकायच्या अमेरिकन फुटबॉलच्या, त्या मैदानावर आम्ही दोघंही ट्रॅकवाले. ट्रॅकवाला म्हणजे ज्याच्या अंगाला हात लागलेला चालत नाही असा. सरळ सोडला की घोडा, आणि बाजूला वळवायला गेलं की टेबल. हा शब्द त्यांच्या तोंडात शिवीसारखा यायचा, आणि आम्हाला तिथे आणलं होतं ते मात्र त्या शब्दाच्याच जोरावर.

महिन्याभरापूर्वी आम्ही धावपटू होतो. मिसिसिपीतल्या त्या विद्यापीठाच्या रिले संघात तिसरा टप्पा मी धावायचो, चौथा रोझेल. शंभर मीटर तो दहा सेकंद आणि चौदा शतांशांत धावला होता. राज्यात त्या वर्षी त्याच्यापुढे कुणी नव्हतं, आणि त्याच्यामागे मी होतो. जुलैच्या अकरा तारखेला विद्यापीठाने ट्रॅकचा संघ बंद केला. पत्र दीड पानाचं होतं. त्यात 'साधनांची फेरजुळणी' असा शब्द होता. फेरजुळणी म्हणजे ट्रॅक उखडून तिथे फुटबॉलवाल्यांसाठी छताखालचं सराव-मैदान बांधायचं. पत्र जुलैत आलं, कारण जुलैत दुसऱ्या विद्यापीठांचे संघ भरलेले असतात आणि तक्रार करणारी पोरं आपापल्या गावी असतात. हा माझा संशय नाही, माझी खात्री आहे.

शिष्यवृत्ती डिसेंबरपर्यंत चालू राहणार होती. त्यानंतर जो कुठल्या तरी संघात असेल त्याचीच. रोझेलला पदवीला अजून तीन विषय कमी होते, ते वसंतातल्या सत्रात होणार होते. त्याची आई अर्लीन राज्यातल्या डेल्टा भागात कॅटफिशच्या कारखान्यात मासे साफ करायच्या कामावर होती. त्या घरात तोवर कुणी पदवीधर झालं नव्हतं. अशा वेळी हेसकॉकने आम्हा दोघांना बोलावून घेतलं, तळलेल्या कॅटफिशच्या दोन ताटल्या मागवल्या आणि म्हणाला, "पोरांनो, वेग शिकवता येत नाही. बाकीचं सगळं शिकवता येतं, आणि ते मी शिकवतो. तुम्ही कॉर्नर व्हाल. काम साधं आहे. समोर एक गडी चेंडू झेलायला पळतो, तुम्ही त्याच्याबरोबर राहायचं. तुमच्यापेक्षा जोरात पळणारा जगात कोण आहे?"

आम्ही मासे खाल्ले आणि हो म्हणालो.

आठ वर्षं आम्हाला शिकवलं होतं की शेजारच्या पट्ट्याकडे बघायचं नाही. कॉर्नरला फक्त शेजाऱ्याकडेच बघायचं असतं. आम्ही बंदुकीच्या आवाजावर निघायचो. इथे समोरचा कधी निघणार ते तोच ठरवणार, आणि आम्ही उलट्या पावली मागे सरकत, गुडघे वाकवून, त्याच्या मनातलं ओळखायचं. वर त्याने चेंडू झेललाच तर त्याला आडवा करायचा. मी आयुष्यात कुणाला आडवं केलं नव्हतं. रोझेलने एकदा केलं होतं, सहावीत, आणि त्याबद्दल त्याला शाळेतून घरी पाठवलं होतं.

त्या पहिल्या आठवड्यात आम्ही मिस व्हर्नांना भेटायला गेलो. मिस व्हर्ना लिटलपेज आमच्या ट्रॅकच्या कोच. एकसष्ट वर्षांच्या. स्टार्टिंग ब्लॉक्सवर पाय कुठे ठेवायचा हे त्या अजूनही गुडघ्यावर बसून दाखवायच्या. त्या ऑफिसातलं सामान खोक्यांत भरत होत्या. आमच्या अंगावर फुटबॉलच्या जर्सी बघून त्यांनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली.

"शोभतंय," त्या म्हणाल्या.

"मिस व्हर्ना, आम्हाला दुसरा रस्ता नव्हता," रोझेल म्हणाला.

"मी काही विचारलं का तुला? त्यांनी आपलं घर पेटवलं आणि तुम्ही त्याच जाळावर हात शेकायला बसलात. बसा. थंडी तुम्हाला वाजतेय, मला नाही."

"तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?"

त्यांनी एका खोक्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाल्या, "बावीस वर्षांची असते तर गेले असते. आता तोंड घेऊन जा इथून, मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही."

आम्ही खोकी त्यांच्या गाडीत भरली. त्यांनी 'थँक यू' म्हटलं नाही, आणि आम्हीही त्याची वाट बघितली नाही.

माझं प्रकरण ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात संपलं. किकनंतरचा सराव होता. आपल्या बाजूने चेंडू लांब लाथाडायचा, आणि दहा जणांनी सुसाट धावत जाऊन तो पकडणाऱ्याला पाडायचं. वाटेत त्यांची माणसं तुम्हाला अडवायला, धडक द्यायला मोकळी. हेसकॉकला तिथे वेग हवा होता. त्याने मला एका टोकाला आणि रोझेलला दुसऱ्या टोकाला लावलं.

"कोच," मी म्हणालो, "धडक कशी घ्यायची, खांदा कुठे लावायचा, हे आम्हाला कुणी दाखवलेलं नाही."

"दहा वर्षांची पोरं करतात हे, स्टॅम्प्स."

"त्यांना दहाव्या वर्षी शिकवलेलं असतं, कोच."

"मग तू आज शिक."

मी शिकलो. मी सगळ्यांच्या पुढे होतो, अर्थात. चेंडूवाला डावीकडे वळला, मीही पाय रोवून वळायला गेलो, आणि त्याच क्षणी एकशे दहा किलोचा एक गडी बाजूने माझ्या गुडघ्यावर आला. त्याची काही चूक नव्हती. त्याला सांगितलेलं काम त्याने केलं. माझ्या गुडघ्याचा जो आवाज झाला तो मला ऐकू आला. ओली फांदी मोडल्यासारखा नव्हता, कापड फाटल्यासारखा होता.

शिट्टी वाजली. मला वाटलं आता सराव थांबेल. हेसकॉक आला, वाकून माझ्याकडे बघितलं, उपचार करणाऱ्या मुलीला बोट दाखवून बोलावलं आणि मागे वळून म्हणाला, "वीस यार्ड पलीकडे घ्या रे सगळं. चला, वेळ जातोय."

आणि सगळे वीस यार्ड पलीकडे गेले. नव्वद पोरं, सहा कोच, पाण्याच्या बाटल्यांची गाडी. मी जिथे पडलो होतो ती जागा सोडून सराव पुढे चालू झाला. त्या गुडघ्यात मला आज जो त्रास होतो त्याबद्दल माझी फार तक्रार नाही, शरीर आहे, मोडतं. पण त्या वीस यार्डांचा विचार आला की मला आजही बसवत नाही.

एकटा रोझेल गेला नव्हता. तो माझ्याजवळ गुडघे टेकून बसला होता.

"टिब्स," हेसकॉकने हाक मारली. "तुझा नंबर."

रोझेलने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मीच घाबरलो. तो उठून गेला असता तर हेसकॉकला मारायलाच गेला असता, आणि मग पदवी, आई, सगळंच संपलं असतं.

"नंबरावर जा," मी म्हणालो. "रोझ, तू जा."

तो गेला. त्या धावेत तो समोर आलेल्या गड्याला असा काही धडकला की दोघंही उताणे पडले, आणि हेसकॉकने टाळ्या वाजवल्या.

पुढचं मला रोझेलने सांगितलं तसं सांगतो. त्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत लूशस गेदर म्हणाला, "चला, एक ट्रॅकवाला कमी झाला." लूशस आमच्या संघाचा पहिल्या नंबरचा कॉर्नर, चार वर्षं खेळलेला, बोलायला तिखट. रोझेलने त्याची गचांडी धरून त्याला लोखंडी कपाटावर दाबला. लूशसने हात उचलला नाही.

"मारायचंय तर मार," तो म्हणाला. "पण आधी ऐक. पर्सी मोझलीचं नाव ऐकलंयस?"

"नाही."

"कसं ऐकशील. माझ्या खोलीत राहायचा. तीन वर्षं स्वतःच्या खर्चाने खेळला, रोज पाचला उठायचा, एकही सराव चुकवला नाही. या वर्षी त्याला शिष्यवृत्ती देणार होते. मग हेसकॉकला दोन धावपटू मिळाले आणि यादीत जागा कमी पडली. आता पर्सी जॅक्सनमध्ये टायरच्या दुकानात आहे."

रोझेलने हात काढला. "मला हे माहीत नव्हतं."

"तुला कोण सांगणार होतं? तुला मासे खायला घातले असतील."

दोघंही बाकावर बसले. आजूबाजूची पोरं आपापले बूट उगाच पुन्हा सोडून बांधत होती. मग लूशस म्हणाला, "त्या स्टॅम्प्सने आज काहीही चूक केली नाही. त्याला तिथे उभा करणाऱ्याने केली. उद्या सकाळी सहाला माउंट नेबो चर्चच्या पार्किंगमध्ये ये. माझ्या शेजारी उभा राहून तू मेलेला मला चालणार नाही. माझं नाव खराब होईल."

दुसऱ्या दिवसापासून सप्टेंबर संपेपर्यंत रोज सकाळी ते दोघं त्या पार्किंगमध्ये असायचे. लूशसने त्याला पहिले चार दिवस धावूच दिलं नाही. फक्त मागे सरकायचं, वाकून, टाचा न टेकता. रोझेल चिडायचा. लूशस म्हणायचा, "तुझी अडचण काय आहे सांगू? तुला माहितीय की तू चुकलास तरी धावून गाठशील. म्हणून तू चुकायला घाबरत नाहीस. मला पाय नाहीत तुझ्यासारखे. मी चुकलो की मेलो. म्हणून मी चुकत नाही."

"मग बघायचं कुठे?"

"त्याच्या पट्ट्याच्या बक्कलकडे. तो डोक्याने फसवेल, खांद्याने फसवेल, डोळ्यांनी तर फसवेलच. पण पोट बरोबर घेतल्याशिवाय जाणार कुठे तो?"

आडवं कसं करायचं ते त्याने एका जुन्या गादीची गुंडाळी करून शिकवलं. डोकं वर, छाती पुढे, हाताने मिठी मारायची आणि पाय चालू ठेवायचे. "डोकं खाली घातलंस तर मानेवर येईल," तो म्हणायचा. "त्यापेक्षा सोडून दे, पळू दे त्याला. सहा गुण गेले तर जाऊ देत." हे एवढं वाक्य ऑगस्टमध्ये कुणीतरी मला म्हणायला हवं होतं. दहा सेकंद लागतात.

तिसऱ्या सामन्यात रोझेलला पहिल्यांदा आत घेतलं. मी तेव्हा शस्त्रक्रिया होऊन मावशीच्या घरी पडून होतो, सामना फोनवर बघत होतो. तिसऱ्याच फेकीला रोझेल हुलीला फसला. समोरचा गडी सुटला, चेंडू झेलला, पुढे सगळं मैदान मोकळं. आणि मग रोझेल धावला. मी त्याला शंभर वेळा धावताना बघितलंय, रिलेची काठी त्याच्या हातात देऊन मागे उभा राहून बघितलंय, पण तसा नाही. अंगावर एवढं चिलखत घालून त्याने साठ यार्डांत सात-आठ यार्डांचं अंतर तोडलं आणि रेषा चार यार्डांवर असताना त्या गड्याला मागून खाली ओढलं. स्टेडियम उभं राहिलं. निवेदक त्याचं नाव पुन्हा पुन्हा घेत होता. हेसकॉकने त्याला कॅमेऱ्यासमोर मिठी मारली आणि म्हणाला, "हे बघा. हे शिकवता येत नाही."

विद्यापीठाने तो तुकडा दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरवला. खाली लिहिलं होतं, 'आमचा वेग'.

रविवारी रोझेल माझ्याकडे आला तो तापलेलाच.

"मी चुकलो, एम. माझा माणूस माझ्यासमोरून निघून गेला. आणि ते टाळ्या वाजवतात."

"गाठलंस ना पण."

"पुढच्या फेकीला त्यांनी गुण घेतलेच. ते कुणी नाही दाखवलं." तो माझ्या प्लॅस्टरकडे बघत होता. "लूशस माझ्याशी बोलला नाही सामन्यानंतर. त्याचं बरोबर आहे. सगळ्या स्टेडियममध्ये तो एकटा शहाणा."

आता मी तुम्हाला त्याच्या सगळ्यात चांगल्या सामन्याबद्दल सांगतो. त्याचा तुकडा कुणी फिरवला नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी अलाबामातला एक तगडा संघ आला होता. त्यांचा चेंडू झेलणारा एक गडी होता, पुढे तो व्यावसायिक संघात गेला. लूशसचा पाय दुखावला म्हणून मध्यंतरानंतर त्या गड्यावर रोझेलला लावलं. मी कुबडी काखेत घेऊन पहिल्यांदाच मैदानावर गेलो होतो, रोझेलच्या आईशेजारी बसलो होतो. चेंडू कुठेही असो, मी फक्त त्या दोघांकडे बघत होतो. तो गडी एकवीस वेळा धावला. मी मोजलं. आत हूल, बाहेर हूल, थांबायची हूल. रोझेल वाकून मागे सरकत होता, नजर त्याच्या पोटावर, आणि प्रत्येक वेळी त्याच्या खिशात बसल्यासारखा त्याच्याबरोबर जात होता. त्यांचा फेकणारा तिकडे बघायचा आणि दुसरीकडे फेकायचा. एकवीस वेळांत एकदाही चेंडू तिकडे आला नाही. निवेदकाने रोझेलचं नाव एकदाही घेतलं नाही.

सामना संपल्यावर अर्लीन कुंपणाजवळ गेल्या. "बाळा," त्या त्याला म्हणाल्या, "आज तुला खेळवलंच नाही का रे त्यांनी?"

जुलैपासून मी रोझेलला हसताना बघितलं नव्हतं. तो कुंपणाला धरून हसला, घामाने निथळत, आईला काही सांगता येईना. मागून लूशस लंगडत आला आणि त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारून म्हणाला, "कॉर्नर."

एवढाच शब्द. ट्रॅकवाला नाही.

हे असंच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तीन आठवड्यांनी हेसकॉकने रोझेलला ऑफिसात बोलावलं. शुक्रवारी एक मुलगा आपल्या आईबरोबर विद्यापीठ बघायला येणार होता. समुद्राकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातला धावपटू. फुटबॉल कधी खेळलेला नव्हता.

"तू जेवणाला बसायचं त्यांच्याबरोबर," हेसकॉक म्हणाला. "तुझा साठ यार्डांचा तुकडा त्यांनी बघितलाय. सांग त्यांना, पाय तुम्ही आणा, बाकी आम्ही शिकवतो."

रोझेल 'बरं' म्हणाला. तो मला म्हणाला की खरंच त्याच्या मनात काही वेगळं नव्हतं. डिसेंबर जवळ आला होता. तोंड बंद ठेवायचं, पदवी घ्यायची आणि निघायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

मुलाची आई, ओडेसा क्रंप, परिचारिका होती. जेवताना ती फार बोलली नाही. मुलगा बोलत होता, हेसकॉक बोलत होता. शेवटी गोडाचं, पीच कॉब्लर, आल्यावर तिने चमचा खाली ठेवला आणि रोझेलकडे वळली.

"तुम्ही कधी आलात इथे?"

"ऑगस्टमध्ये, मॅडम."

"आणि अंगावर माणूस आला तर काय करायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमचे सगळे कोच," हेसकॉकने सुरुवात केली.

"मी याला विचारतेय," ती म्हणाली. "मी अपघात विभागात काम करते. शुक्रवारी रात्री शाळांच्या सामन्यांतून काय काय येतं ते मी बघते. म्हणून विचारतेय."

रोझेलने हेसकॉककडे बघितलं. हेसकॉक हसत होता, पण टेबलावरचा त्याचा हात मिटलेला होता.

"लूशस गेदर नावाच्या खेळाडूने शिकवलं, मॅडम," रोझेल म्हणाला. "चर्चच्या पार्किंगमध्ये. कोचनी नाही शिकवलं. मी आलो तेव्हा माझ्याबरोबर एक जण होता, एमरी स्टॅम्प्स. शंभर मीटरमध्ये तो राज्यात दुसरा. त्याने विचारलं होतं की धडक कशी घ्यायची ते दाखवा. नाही दाखवलं. आता त्याला जिना उतरता येत नाही."

"तो अपघात होता," हेसकॉक म्हणाला.

"हो," रोझेल म्हणाला. "आणि तो पडला तेव्हा यांनी सराव वीस यार्ड बाजूला घेतला."

तो ओरडला नाही. तो म्हणाला, ओरडावंसं वाटलंच नाही; इतक्या महिन्यांचा राग होता, पण बोलायला लागलो तेव्हा आवाज आपोआप खाली आला. ओडेसा क्रंपने पर्स उचलली, हेसकॉकला जेवणाबद्दल 'थँक यू' म्हटलं आणि मुलाला म्हणाली, "डार्नेल, गाडीत बस." मुलाने रोझेलकडे असं बघितलं, जणू याने माझ्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतलंय. त्याचंही चूक नव्हतं. त्या वयात मीही तसंच बघितलं असतं.

ती दोघं गेल्यावर हेसकॉक म्हणाला, "मी तुला काय दिलं, आठवतंय?"

"दोन ताटल्या मासे, कोच," रोझेल म्हणाला. "एक एमरीने खाल्ली."

सोमवारी सरावात रोझेलला कॉर्नरच्या रांगेतून काढलं. पुढच्या प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूंची नक्कल करणारी जी तिसऱ्या फळीची पोरं असतात, त्यांच्यात टाकलं. लूशस हेसकॉककडे जाऊन भांडला, त्यालाही एक सामना बाहेर बसवलं. डिसेंबरात संघाची यादी नव्याने निघाली, त्यात रोझेलचं नाव नव्हतं, आणि नावाबरोबर शिष्यवृत्तीही गेली. उरलेले तीन विषय त्याने पुढे दोन वर्षांत पूर्ण केले, दिवसा आईच्याच कारखान्यात मासे साफ करून. पदवी त्याला पोस्टाने आली. आता तो डेल्टातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि मुलींच्या ट्रॅकचा संघ बघतो. हेसकॉक अजून तिथेच आहे. त्या वसंतात त्याला आणखी दोन धावपटू मिळाले, त्यांची नावं मला माहीत नाहीत. सराव-मैदानाला छत घातलंय, चांगलं झालंय म्हणतात.

पण मला आठवतो तो त्या प्रकारानंतरचा पहिला शनिवार. संघ बसने टेनेसीला गेला होता आणि न्यायच्या खेळाडूंच्या यादीत रोझेल नव्हता. दुपारी तो पन्नास मैल गाडी हाकत लुएला मावशीकडे आला. मी ओसरीवर पाय वर घेऊन बसलो होतो, रेडिओवर सामना लावला होता. त्याच्या जागी खेळणाऱ्या पोराला पहिल्या अर्ध्या तासात दोनदा फसवलं. रोझेलने हात लांब करून रेडिओ बंद केला आणि मला जेवणाच्या टेबलावरचं सगळं सांगितलं.

"गाढव आहेस," मी म्हणालो. "डिसेंबरपर्यंत दम धरला असता तर? तिने विचारलं म्हणून लगेच सांगायचं?"

"तिने विचारलं म्हणूनच."

"माझा गुडघा काय परत येणार आहे का त्याने?"

"नाही."

"मग कशाला माझं नाव घेतलंस?" मला इतका राग आला होता की आवाज फाटला. "मी सांगितलं होतं तुला? माझ्यासाठी तू तुझी पदवी फेकायची, हे कुणी ठरवलं?"

समोरच्या रस्त्यावरून कापसाचा एक ट्रक गेला, त्याच्या मागून पांढरे पुंजके उडत राहिले. तो म्हणाला, "कुणीतरी तुझं नाव मोठ्याने घ्यायला हवं होतं, एम. तीन महिने झाले, तिथे कुणीच घेत नाही."

आतून मावशीने हाक मारली, "या रे पोरांनो, बटरबीन्स गार होतायत." मी कुबडीकडे हात नेला आणि मागे घेतला. डॉक्टरांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा म्हटलं होतं की घरातल्या घरात ती न धरता चालून बघ. मी ओसरीचा खांब धरून उठलो. रोझेल उठला, पण त्याने हात पुढे केला नाही. ते मला बरं वाटलं.

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पंधरा पावलं आहेत. मी एक पाय टाकायचो, भिंतीला हात लावायचो, श्वास घ्यायचो आणि दुसरा ओढायचो. रोझेल माझ्या मागे होता. मावशी पुन्हा हाक मारून गप्प झाली. बोळ अरुंद होता, पण बाजूने जायला जागा होती. तो गेला नाही. माझा पाय पडला की मागे त्याचा पाय पडल्याचा आवाज यायचा, मी थांबलो की तो थांबायचा. टेबलाशी पोचेपर्यंत बटरबीन्स गार झाल्या होत्या. मावशीने त्या परत चुलीवर ठेवल्या.